रसिकाच्या खोलीतला स्टुडिओ

२४ ऑगस्ट २००३, रविवार

आजपासून डायरी. प्रोजेक्ट म्हटला की रोजची नोंद हवी, असं मी केबलच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो. एप्रिलमध्ये कारखान्याने मला ‘स्वेच्छेने’ निवृत्त केल्यापासून सांगायला कुणी उरलेलं नाही, म्हणून आता स्वतःच पाळतो.

प्रोजेक्ट: माझ्या बायकोला, कुमुदला, येणारी भुलाबाईची सगळी गाणी कॉम्प्युटरवर डिजिटल रेकॉर्ड करणे. एकूण एक्केचाळीस. तिच्या आईकडून आलेली, अकोल्याकडची. कुठेही लिहिलेली नाहीत. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर ती म्हणायची असतात आणि नोएडातल्या मराठी बायका अठरा वर्षं कुमुदच्या मागून म्हणत आल्या आहेत. आमच्या मुलीला, रसिकाला, त्यातली सहा येतात, तीही अर्धी हिंदीत.

डेडलाइन: २२ सप्टेंबर. त्या दिवशी कुमुदच्या गळ्याचं ऑपरेशन. थायरॉईडला गाठ आहे. सर्जन भले गृहस्थ. आवाजाची नस गाठीच्या मागून कशी जाते, ते त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. शंभरात दोघातिघांचा आवाज बसतो म्हणाले, पण बहुतेकांचा परत येतो. कुमुदने विचारलं, “बहुतेकांचा म्हणजे?” मी विचारलं, हे पेन फार छान आहे, कुठून घेतलंत?

हे इथे लिहून ठेवतो, कारण परतताना गाडीत कुमुद यमुनेच्या पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलली नाही आणि मला वाटलं, पेन तिलाही आवडलं असावं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन नवं साऊंड कार्ड, जास्तीची मेमरी, एक मायक्रोफोन आणि स्टँड आणला. दुकानदाराने विचारलं, “अंकलजी, बच्चे का बैंड है?” मी म्हटलं, नहीं, पत्नी का. तो एवढा आदराने बघायला लागला की मी खुलासा केला नाही.

रसिका गुडगावला नोकरीला लागल्यापासून तिची खोली रिकामी आहे. ती आता स्टुडिओ. खिडकीतून येणारे आवाज: भाजीवाला, भंगारवाला कबाडी, वॉशिंग मशीन, मोर. खिडकीला दोन गाद्या बांधल्या. आता खोलीत आवाज येत नाही आणि हवाही येत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली चाचणी. कुमुदला उभं केलं. तिने एक ओळ म्हटली. ऐकून बघितलं तर तिच्या आवाजावर मधूनमधून टप्, टप्-टप्. तव्यावर मोहरी तडतडावी तसं. मी वायर बदलली. टप्. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवलं. टप्.

कुमुद म्हणाली, “मी पुढची ओळ म्हणू का?”

म्हटलं, “थांब, आधी हे घालवू.”

ती थांबली. वीस मिनिटांनी मी मागे वळून बघितलं तर कुकरची शिट्टी होत होती. म्हणजे ती केव्हाच गेली होती.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. आरतीला विश्वनाथराव आणि सरलावहिनी आले. शेजारच्या गल्लीत राहतात. तीस वर्षांची ओळख. विश्वनाथराव रेडिओत रेकॉर्डिंगचं काम करून निवृत्त झाले. कौतुकाने त्यांना स्टुडिओ दाखवला. गाद्यांकडे बघून ते म्हणाले, “छान. एक सांगू? समोर टेपरेकॉर्डर ठेवा आणि लाल बटण दाबा.”

मी हसलो. माणूस थोर आहे, पण काळ पुढे गेलाय. त्यांना डिजिटलचे फायदे समजावून सांगितले. मोदक हातात धरून ते ऐकत राहिले, खाल्ला नाही, इतके प्रभावित झाले होते. शेवटी सरलावहिनींनी त्यांच्या हातातून मोदक घेतला आणि तोंडात घातला, त्यांच्याच.

३ सप्टेंबर, बुधवार

रोगाचं निदान झालं! टपटप म्हणजे बफर भरून सांडणं. बफर म्हणजे काय, तर आवाजाची टाकी. मायक्रोफोनमधून आवाज टाकीत पडतो आणि प्रोसेसर तो बादलीने उचलतो. टाकी छोटी आणि प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकलेला असला की मधला आवाज सांडतो. टप्. आणि टाकी मोठी केली, तर टपटप जाते, पण गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो.

हे सगळं जेवताना कुमुदला समजावलं. दुधीची भाजी होती. ती म्हणाली, “अहो, बावीस तारखेला रसिकाने रजा काढायची की एकवीसलाच?”

म्हटलं, विचारतो. मग सांगितलं की सध्या टाकी २५६ ची आहे, ५१२ करून बघणार आहे.

रसिकाला विचारायचं राहिलं. उद्या.

७ सप्टेंबर, रविवार

प्रोसेसरला फालतू कामं कमी करायची मोहीम. स्क्रीनसेव्हर बंद. पडद्यावरच्या खिडक्या सरकत उघडतात ती शोभा बंद. मोडेम काढला. अँटिव्हायरस झोपवला. घड्याळाशेजारची अकरा चिन्हं नऊवर आणली. उरलेल्यांपैकी एक उडवलं तेव्हा कीबोर्ड चालेना, परत आणलं.

टपटप मिनिटाला चौदावरून नऊवर. आनंदाने ओरडलो. ऐकायला घरात कुणी नव्हतं. कुमुद हल्ली रोज चारला सरलावहिनींकडे जाते. भुलाबाई बसायला अजून तीन दिवस आहेत, पण तयारी असेल. येते तेव्हा चेहरा तापलेला असतो आणि आल्याआल्या कोमट पाणी पिते. गप्पा मारून घसा सुकत असावा. मी म्हटलंही, “घसा जप. रेकॉर्डिंग आहे.”

“हो, बिल्कुल,” म्हणाली.

१० सप्टेंबर, बुधवार

भुलाबाई-भुलोजी बसले. कुमुदने मातीची जोडी स्वतः रंगवली. संध्याकाळी बायका आल्या, गाणी झाली. माझं लक्ष नव्हतं, दार लावून आत होतो, पण दाराखालून ऐकू येत होतं आणि मोठा व्यत्यय होत होता.

आजचा शोध मात्र मोठा. कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम, त्यात ॲडव्हान्स्ड, त्यात परफॉर्मन्स, त्यात पुन्हा ॲडव्हान्स्ड. तिथे ‘प्रोसेसर शेड्युलिंग’ नावाची चौकट. प्रोसेसरने आधी कुणाकडे बघायचं, समोर उघडलेल्या प्रोग्रॅमकडे की ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’कडे? साहजिकच मी प्रोग्रॅमवर ठेवलं होतं. सायबर कॅफेत वाचलं, इंटरनेटवर एका जर्मन गृहस्थांनी लिहिलंय, आवाजासाठी उलटं करा. आवाज सांभाळणारा ड्रायव्हर पडद्यामागे बसलेला असतो. त्याच्याकडे बघितलं नाही तर समोर कितीही चकाचक असलं तरी टपटप येणारच.

उलटं केलं. टपटप मिनिटाला दोन! बाहेर जाऊन सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं. त्या गाण्याच्या मध्यावर होत्या.

१४ सप्टेंबर, रविवार

कुमुदबरोबर भाजी आणायला गेलो तिथे विश्वनाथराव भेटले. कुमुदला म्हणाले, “उद्या चारला, ना? नवी कॅसेट आणून ठेवलीय.” त्यांच्या घरात अजून कॅसेटी! मला जरा कीवच आली. त्यांना प्रेमाने सांगितलं की माझं काम झालं की त्यांच्या जुन्या कॅसेटी मी सीडीवर करून देईन. ते म्हणाले, “बघू, लागलंच तर सांगतो हं.” कुमुद वांगी निवडत होती, मान वर केली नाही.

घरी येताना म्हणाली, “आठ दिवस राहिले.”

“भरपूर आहेत,” मी म्हटलं. “दोन टपटप म्हणजे काहीच नाही.”

१७ सप्टेंबर, बुधवार

रक्ताच्या तपासण्या, छातीचा फोटो. सगळं ठीक. दवाखान्यातल्या बाकावर कुमुदने माझा हात धरला. लोक बघत होते म्हणून मी खिशातून कागद काढायचं निमित्त केलं. कागद बफरचा निघाला. मग वाचत बसलो.

२० सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस जसा घडला तसा लिहितो, स्वतःची बाजू न घेता. बाजू शोधायला वेळही लागेल.

सकाळी बफर २०४८ केला. टपटप शून्य. दहा मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि ऐकली. सुंदर शांतता. कुमुदला हाक मारली, स्टँडची उंची जुळवली, हेडफोन चढवले. रसिका काल रात्रीच आलीय, तिला कूलर बंद करायला पाठवलं.

कुमुदने सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला अडखळली. पुन्हा सुरुवात, पुन्हा अडखळली. म्हणाली, “माझ्या मागून कुणीतरी बाई गातेय.”

“तूच आहेस ती. उशिरा येतेस. टाकी मोठी केलीय ना.”

“मग मी तिच्यासाठी थांबायचं का?”

“थांबू नकोस. लक्ष देऊ नकोस. थांब, एक मिनिट, मी जरा १०२४ करतो.”

तिने हेडफोन काढले, नीट घडी घालावी तसे टेबलावर ठेवले आणि माझ्या समोर खाटेवर बसली.

“राहू दे,” ती म्हणाली. “झालंय सगळं.”

“काय झालंय?”

“गाणी. सरलाकडे. विश्वनाथरावांनी टेपवर घेतली. एकोणचाळीस झाली. दोन आठवत नाहीयेत, ती जाऊ देत.”

दारात रसिका उभी होती. तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे तिलाही माहीत होतं. या घरात माहीत नसलेला एकटा मी. माझ्याकडे बघून मोराला सुद्धा कल्पना आली असेल.

मला राग आला. तो आधी आला, हे कबूल करतो. म्हटलं, “मग मला चार आठवडे इथे नाचवलंस कशाला? सांगायचंस ना!”

“तुम्ही एकदा तरी विचारलंत का, ‘कुमुद, कोणतं गाणं आधी म्हणणार’ म्हणून?”

मी उगाचच स्टँडची उंची खाली केली.

“आणि सांगणारच होते,” ती म्हणाली. “पण तुम्ही इथे खुडबुड करत असायचात. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. वाटायचं, अजून यांचंच झालेलं नाही, म्हणजे बावीस तारीख लांब आहे. तुमचं झालं असतं, तर मग...” एवढं बोलून थांबली आणि गाद्यांकडे बघत म्हणाली, “त्या सोडा आता. जीव गुदमरतो इथे.”

मी आणि रसिकाने गाद्या सोडल्या. खाली कबाडी ओरडत चालला होता.

२२ सप्टेंबर, सोमवार. हॉस्पिटलमधून

साडेआठला आत नेलं. नेताना कुमुद म्हणाली, “घरी दूध तापवायचं राहिलंय.” मी काही मोठं बोलणार होतो, तयार केलं होतं. “तापवतो,” एवढंच निघालं. रसिका आईचा चष्मा हातात धरून बसलीय. सरलावहिनी डबा घेऊन आल्यात. मी बाकावर. खिशात कागद नाही.

एक वाजता सर्जन आले. गाठ निघाली, साधी असावी असं दिसतंय, पक्कं आठ दिवसांनी. नस दिसली, शाबूत आहे, पण गाठ तिला चिकटलेली होती, सोडवताना ताण पडलाय. आवाजाचं काय? “देखते हैं,” म्हणाले.

त्यांच्या खिशाला तेच पेन होतं. मी मान फिरवली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

घरी. कुमुदला आवाज नाही. म्हणजे श्वास येतो, त्यात शब्दांचे आकार असतात. पाणी पिताना ठसका लागतो. आवाजाच्या दोन पडद्यांपैकी एक झोपलाय. उठेल, आठवडे लागतील, कदाचित महिने, आणि उठला तरी वरच्या सुरांचं सांगता येत नाही. हॉस्पिटलमधल्या एका ताईंनी आवाजाचे व्यायाम शिकवलेत. बोलायची जबरदस्ती करायची नाही.

हवं असलं की ती टाळी वाजवते. एक टाळी म्हणजे मी, दोन म्हणजे रसिका. रसिका दोन टाळ्यांना येते. मी एका टाळीलाही येतो आणि दोनलाही.

आज सकाळी तिच्या वहीत लिहिलं होतं: पोहे कच्चे आहेत. हस्ताक्षर शांत आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

रिपोर्ट आला. गाठ साधी. मी कागद तीनदा वाचला, मग सरलावहिनींना वाचायला दिला, मग विश्वनाथरावांना, मग खाली गाडी धुणाऱ्याला देणार होतो तेवढ्यात रसिकाने काढून घेतला.

कुमुदला सांगितलं. तिने चष्मा लावला. मग वहीत लिहिलं: कोजागिरीला बायकांना सरलाकडे बोलवा. आपल्याकडे नको.

मी विचारलं, का? तिने वही मिटली.

५ ऑक्टोबर, रविवार

विश्वनाथरावांनी तीन कॅसेटी आणून दिल्या. कॉम्प्युटरवर घेता येतील का, असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. उपकार करायची ही पद्धत मला आयुष्यभर जमणार नाही.

कुमुदला विचारलं, ऐकणार का? मान हलवली, नाही. वहीत लिहिलं: टपटप आली तरी चालेल.

तारा जोडून दुपारभर एकटा ऐकत बसलो. अठरा वर्षं माझ्याच घरात म्हटलेली गाणी मी पहिल्यांदा ऐकली. एका गाण्यात सासरा आहे तो थेट माझे वडील. एकात नवरा बाहेर इतका गर्क आहे की बायको माहेरी जाऊन परत येते आणि त्याला कळत नाही. तिथे मी उगाचच आवाज कमी केला.

दुसऱ्या कॅसेटवर दोन गाण्यांच्या मध्ये विश्वनाथराव टेप बंद करायला विसरलेत. सरलावहिनी विचारतात, “भाऊजींचं काय चाललंय?”

कुमुद म्हणते, “खिडकीला गाद्या बांधल्यात.” मग दोघी हसतात, बराच वेळ. विश्वनाथरावही हसतात, खोकल्यासारखं.

“पण सांग ना त्यांना एकदा,” सरलावहिनी म्हणतात.

“नको गं. करू दे. घाबरलेत ते.”

मग ती घसा साफ करते आणि पुढचं गाणं सुरू होतं.

मी टेप थांबवून ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक पानावर बफर आहे. मी स्वतःला फार बारकाईने नोंदी ठेवणारा माणूस समजत होतो. चार आठवडे काय घडत होतं, ते या नोंदींत सगळं आहे. फक्त नोंदवणाऱ्याला दिसलेलं नाही.

उठून बाहेर गेलो. कुमुद बाल्कनीत मेथी निवडत होती. शेजारी बसलो आणि म्हटलं, “मी घाबरलो होतो.” तिने माझ्याकडे एक जुडी सरकवली. मी निवडली. देठच जास्त घेतले म्हणून तिने परत निवडली.

मग मी म्हटलं, “बायकांना इथेच बोलवू या? तू गाऊ नकोस. बस नुसती.”

तिने दुसरी जुडी सोडली. मग श्वासातून म्हणाली, “बघू.”

९ ऑक्टोबर, गुरुवार. कोजागिरी

बारा बायका आल्या. रसिकाने रजा टाकली होती. मसाल्याचं दूध मी आटवलं. तळाला लागलं, पण वरून काढलं. पूर्वी या कार्यक्रमाला मी दार लावून आत असायचो. आज सतरंजीच्या कडेला बसलो. कुणाला वाटलं मी दुधाच्या पातेल्याची राखण करतोय, तर वाटू दे.

कुमुद भिंतीला टेकून बसली होती, गळ्याला पातळ ओढणी. सरलावहिनींनी सुरुवात केली. त्यांची पट्टी उंच. बायका मागून म्हणत होत्या, पण मध्येच एखादी ओळ सगळ्यांची मिळून हरवायची आणि सगळ्यांचं लक्ष कुमुदकडे जायचं. कुमुद खाली बघायची. तिसऱ्या गाण्यानंतर सगळं इतकं मलूल झालं की एक बाई दुधाचं विचारायला लागल्या.

तेव्हा रसिका म्हणाली, “मी म्हणते एक. मला येतं.”

तिला येत नव्हतं. पण म्हणायला लागली, मोठ्याने, हात हलवत. माहेरून सामान येतं त्याचं गाणं. साडी आली, चोळी आली, मग तिने खुशाल म्हटलं, पाणी-करंडा आला.

“फणी!”

सगळ्या कुमुदकडे वळल्या. भांड्यावर दगड घासावा तसा आवाज होता, पण आवाज होता, श्वास नव्हे.

“पाणी कुठून येईल करंड्यात? फणी! फणी-करंडा!”

कुमुदचा हात गळ्याशी गेला. डोळे मोठे झाले. स्वतःचीच चाहूल लागल्यासारखी ती बसून राहिली. रसिका हिंदीत रडत होती, म्हणजे “मम्मी, मम्मी” करत होती. लहानपणी पडली की करायची तशी.

“फणी म्हणजे क्या?” ती रडता रडता म्हणाली.

“कंगवा,” कुमुद म्हणाली, त्याच खरखरीत आवाजात. “लाकडाचा. परत म्हण. पहिल्यापासून.”

रसिकाने पहिल्यापासून धरलं. या वेळी खालून आणखी एक आवाज तिच्यात मिसळला, घोगरा, मध्येच तुटणारा, खूप खालचा. पुढच्या ओळीला सूर वर जातो, तिथे तो आवाज पोचला नाही. थांबला.

सरलावहिनींनी कुणाकडे न बघता आपली पट्टी उतरवली. मग शेजारच्या बाईंनी. मग एकेक करून सगळ्यांनी गाणं खाली आणलं, आणि कुमुद पुन्हा त्यात आली. तीन गाणी झाली तशी. चौथ्याला तिने हाताने पुरे म्हटलं आणि दूध मागितलं.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. चालू करायचं मला सुचलंच नाही. मला आयुष्यात एकच पट्टी येते आणि ती कुठली, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. तरी बायकांबरोबर गुणगुणत मीही ती उतरवली.